डाव्या सीटला ब्रेक नसतो

गाडीत डाव्या सीटवर बसणाऱ्या माणसाला करण्यासारखं काही नसतं. तो गाणी बदलतो, शेंगदाणे खातो, नाहीतर सरळ झोपतो. मी मात्र नोकरीची बरीचशी वर्षं त्या सीटवर जीव मुठीत धरून काढली आणि त्याचाच मला पगार मिळत असे.

मी मूळचा निपाणीकडचा. बंगळूरला आलो तेव्हा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या मशीनवर होतो. तिथून बोम्मसंद्र्याला मोटारींच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो आणि आता तिथूनच निवृत्त झालोय. नाव सदानंद, पण मॅनेजरपासून वॉशिंगवाल्यापर्यंत सगळे अण्णा म्हणत. घरी मराठी, वर्कशॉपमध्ये कन्नड, कंपनीची माणसं आली की हिंदी. घाबरायचो मात्र मी मराठीतच. गाडी ट्रकच्या मागे फार चिकटली की तोंडातून ‘अगं आई’च निघायचं.

कामाचं नाव रोड टेस्ट. बाहेरच्या माणसाला वाटतं, मेकॅनिक गाडी एक चक्कर मारून आणतो ती रोड टेस्ट. तीही असते. माझी वेगळी होती. मालक तक्रार घेऊन येतो, अमुक आवाज येतो, तमुक थरथरतं. आम्ही गाडी आत घेतो आणि वर्कशॉपचं फाटक दिसताच तो आवाज गप्प होतो. मेकॅनिक म्हणतो काही नाही, मालक म्हणतो आहे, आणि दोघेही खरं बोलत असतात. अशा वेळी मला पाठवत. मालकाने गाडी चालवायची, मी डावीकडे बसायचं. कारण गाडी मी चालवली तर ती माझ्यासारखी चालणार. निम्मी तक्रार मालकाच्या हातापायांत असते.

या कामाचा एक नियम मी सगळ्यांना पहिल्या वळणाआधीच सांगत असे. दोष आला की जसे आहात तसेच राहायचं. हात असेल तिथे हात, पाय असेल तिथे पाय. माणूस दचकून हलतो आणि दोष निसटतो, मग पुन्हा आठ दिवस तो सापडत नाही.

सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात मालक रस्ता सोडून माझ्या तोंडाकडे बघत गाडी चालवतो. “आला, ऐकलात?” असं विचारत होसूर रोडवर दोन बसच्या मध्ये घुसतो. माझा उजवा पाय चटईवर नसलेला ब्रेक दाबत राहायचा. माझ्या उजव्या बुटाचा तळवा डाव्याच्या आधी झिजतो, हे आमच्या घरात बायकोनेच पहिल्यांदा पाहिलं. तिला ते गमतीचं वाटलं होतं, मला नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत छोट्या एसयूव्हीच जास्त. अंगाने बेताची, पण उंच. लोक ती का घेतात हे मी विचारत असे. मायलेज, डिकी, सनरूफ सगळं सांगून झाल्यावर शेवटी खरं कारण यायचं. उंच बसलं की भीती कमी वाटते.

पीण्यात लेथची मशिनं चालवणारे एक महादेवप्पा होते. नवी कोरी गाडी घेऊन तिसऱ्या दिवशी ते आले, चेहरा उतरलेला. म्हणाले, “अण्णा, हिला फिट येते.” सिग्नलला थांबलं की गाडी मरते आणि पाय उचलला की आपोआप जिवंत होते. इंधन वाचवायला इंजिन स्वतःच बंद होतं, ती सोय आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जन्म मशिनांच्या घरघरीत गेलेला माणूस, एकदम शांतता झाली की काहीतरी बिघडलं असंच त्यांना वाटायचं. मी बटण दाबून ती सोय बंद करून दिली. त्यांनी मला मिठी मारली आणि कंपनीच्या फोनवर दहापैकी दहा दिले.

हा दहाचा प्रकारही सांगायला हवा. सर्व्हिस झाली की दोन दिवसांनी मालकाला फोन जातो. आमच्या कामावर समाधानी आहात का, दहापैकी किती द्याल? तुम्हाला वाटेल आठ म्हणजे चांगले. आमच्याकडे आठ म्हणजे नापास. वरून विचारणा, मॅनेजरला ताप, मग मॅनेजरचा आम्हाला ताप. म्हणून गाडी परत देतानाच आम्ही हात जोडून सांगायचो, “फोन येईल हं, दहा द्या.” लोक देतात. आपल्या माणसांना समोरच्याचं मन मोडवत नाही. त्यामुळे आमच्याकडे सगळे समाधानी होते. आणि फोन जायचा तो ज्याच्या नावावर गाडी त्याला. चालवतं कोण, हा प्रश्न त्यात नव्हता.

अभय आणि केतकीची गाडी अभयच्या नावावर होती.

दोघंही पुण्याकडची, दोघंही संगणकाच्या कंपनीत. राहायला चंदापूरहून आनेकलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका मोठ्या सोसायटीत. अभय घरूनच काम करायचा. केतकी मुलीला, सईला, शाळेत सोडून पुढे ऑफिसला जायची, म्हणजे गाडी रोज तीच चालवायची. वर्कशॉपला मात्र गाडी तो आणायचा.

तक्रार एकच. ब्रेक कधी कधी लागत नाही.

ब्रेक हा शब्द ऐकला की वर्कशॉपमध्ये कुणी थट्टा करत नाही. गाडी वर उचलली, चाकं काढली, तेल पाहिलं, कॉम्प्युटर लावला. काही नाही. मुख्य मेकॅनिक मंजुनाथ स्वतः चालवून आला आणि म्हणाला, “ब्रेक चेन्नागिदे, अण्णा.” म्हणजे उत्तम आहे. गाडी परत गेली, अभयने दहा दिले. महिन्याभराने परत तीच तक्रार. परत सगळं खोललं, परत काही नाही, परत दहा.

तिसऱ्या वेळी अभय मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, खरं सांगू का? गाडीत काही नाहीये. केतकी पॅनिक होते. एकदा तिच्यापुढे एक बाइकवाला आडवा आला होता, तेव्हापासून. घाबरून ती चुकीचं पेडल दाबत असणार. मी तिला म्हटलंय, तू चालवूच नकोस. सईला शाळेची बस लावू. तुम्ही फक्त तिला एकदा सांगा, गाडी चांगली आहे म्हणून. माझं ऐकत नाही ती.”

मी “सरी”, म्हणजे बरं, म्हणालो. अशा वेळी काय म्हणायचं? पण माझ्या मनातून ते जाईना. घाबरलेला माणूस कसा बोलतो हे मला कळतं, मी स्वतः त्या जातीचा. घाबरलेला माणूस तक्रार वाढवून सांगतो, रोज नवी सांगतो. ही बाई प्रत्येक वेळी तेच, तेवढंच सांगत होती.

मी म्हटलं, गाडी घेऊन ताईंनाच येऊ द्या. मी त्यांच्याशेजारी बसतो.

इथे बसण्णाबद्दल सांगायला हवं. बसण्णा आमचा वॉशिंगचा जुना माणूस, हावेरीकडचा. गाडी कामाला जाण्याआधी तो ती आतून साफ करायचा. मालकाचं सामान एका पिशवीत भरायचं, काम झालं की जागच्या जागी लावायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती. देवाच्या वस्तूंची पद्धत निराळी. फोटो, अंगारा, माळ, जे असेल ते बसण्णा हात धुऊन उचलायचा, पिशवीत न घालता वेगळ्या पितळी ताटलीत ठेवायचा आणि शेवटी पुन्हा हात धुऊन मांडायचा. बंगळूरच्या गाड्यांत देव नाही अशी गाडी विरळा. मालक खूश व्हायचे. कुणी काही न बोलताही, आपल्या देवाला इथे जपतात, हे त्यांना कळायचं. आम्हालाही त्याचा अभिमान होता.

केतकी आली ती शनिवारी सकाळी, मुलीला घरी ठेवून. तिशीतली, बारीक अंगाची, डोळ्यांखाली काळं. सीट इतकी पुढे ओढलेली की गुडघे स्टिअरिंगला लागतील. मी डावीकडे बसलो, पट्टा लावला. समोर डॅशबोर्डवर, स्क्रीनच्या खाली, सामान ठेवायला असतो तसा उथळ खळगा होता. त्यात एक लिंबू. वाळून तपकिरी झालेलं, हळदकुंकवाचे डाग असलेलं. निघण्यापूर्वी तिने त्याला बोट लावलं, मग ते बोट कपाळाला. मी दुसरीकडे पाहिलं. ज्याची त्याची श्रद्धा.

“कुठं होतं असं, ताई?”

“घराजवळच्या उतारावर. तळं आहे ना, त्याच्या अलीकडे. दोनदा फ्लायओव्हरवरून उतरताना झालंय. नेहमी उतारावर. आणि काका, मी चुकीचं पेडल दाबत नाही.”

“मी कुठं म्हटलं?”

“सगळेच म्हणतात.”

मी तिला नियम सांगितला. “झालं, तर पाय उचलायचा नाही. काहीही वाटलं तरी. दाबलाय तसाच ठेवायचा. पुढचं मी बघतो.”

“तुम्ही काय करणार? तुमच्याकडे ब्रेक नाहीये.”

खरंच होतं. दोन सीटच्या मध्ये हँडब्रेकचा दांडा होता, तेवढाच काय तो माझा आधार. मी डावा हात दाराच्या कडीला धरला आणि उजवा त्या दांड्याशेजारी, तिला दिसणार नाही असा ठेवला.

चंदापूरच्या पुढे गर्दी विरळ झाली. ती चांगली चालवत होती. अंतर राखून, आरसे बघत, अभयपेक्षा कितीतरी चांगली. पाय कुठे पडतो ते मी वाकून बघत होतो. योग्य पेडल, योग्य दाब. मला वाटलं, हिचा काही दोष नाही आणि गाडीचाही नाही. मग आपण इथे कशाला आलोय?

बोलता बोलता तिने सईचं सांगितलं. मागच्या सीटवर तिची छोटी खुर्ची बांधलेली होती, त्यावर सशाची उशी. “मागच्या वेळी ती गाणं म्हणत होती,” केतकी म्हणाली. “ब्रेक लागेना आणि मागून हिचं गाणं चालूच. मी ओरडलेसुद्धा नाही. ती घाबरेल म्हणून.”

“मग गाडी थांबली कशी?”

“पाय उचलून पुन्हा दाबला. दुसऱ्यांदा लागला. प्रत्येक वेळी दुसऱ्यांदा लागतो.” मग ती म्हणाली, “एखाद्या वेळी नाही लागला तर?”

मी तिला धीर द्यायला बसलो होतो आणि माझाच धीर सुटत चालला होता.

उतार आला. लांब, सरळ, दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडं. खाली तळ्याच्या बांधावर रस्ता एकदम डावीकडे वळतो. कठडा म्हणजे गुडघाभर उंचीचे दगड, तेही मध्ये मध्ये पडलेले. वळणावर एक म्हातारा दोन म्हशी घेऊन हळूहळू रस्ता ओलांडत होता.

केतकीने वेग कमी करायला ब्रेक हलका दाबला. लागला. गाडीने पुढे थोडी मान खाली घातली. खळग्यातलं लिंबू घरंगळलं, कडेवर क्षणभर थांबलं आणि तिच्या पायांकडे खाली पडलं.

ती ताठ झाली. एखाद्याला थंडी भरून यावी तशी.

“पडलं,” ती म्हणाली.

“काय?”

“लिंबू. आता ब्रेक लागणार नाही.”

ते ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यात ओरडणं नव्हतं. एखाद्याने वेळ बघून सांगावं तसं ती म्हणाली. तिने ब्रेक दाबला आणि तो लागला नाही.

मी पाहिलं. पाय योग्य पेडलवर होता. तिने सगळं अंग त्यावर टाकलं होतं आणि पेडल दगडासारखं जागच्या जागी होतं. म्हशी मोठ्या होत चालल्या. म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं लाल मुंडासं मला स्वच्छ दिसलं. त्या वेळी मी मेकॅनिकी काही विचार केला नाही. मनात एवढंच आलं, की हे खरं आहे. लिंबू पडलं आणि ब्रेक गेला. या गाडीत काहीतरी आहे आणि मी त्यात बसलोय.

“पाय उचलू नका,” असं कुणीतरी म्हणालं. तो मीच होतो.

हँडब्रेक एकदम ओढायचा नसतो. एकदम ओढला तर मागची चाकं जागीच बसतात आणि गाडी आडवी फिरते. थोडा ओढायचा, सोडायचा नाही, मग आणखी थोडा. हे मी शिकाऊ पोरांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. दांडा घामाने निसटत होता. एकेक दात चढल्याचा कर्र आवाज मी मोजल्यासारखा ऐकला. गाडीचा मागचा भाग जरा सरकला, पुन्हा सरळ झाला. तिने हॉर्न दाबून धरला होता. म्हातारा वळला, म्हशी वळल्या नाहीत. शेवटी गाडी रस्त्याकडेच्या मातीत चाकं रुतवून, कठड्याच्या दगडांच्या हातभर अलीकडे थांबली.

मी गिअर पार्किंगला टाकला, इंजिन बंद केलं. तिचा पाय अजून पेडलवर होता.

“तसाच राहू दे, ताई. स्वल्प. एक मिनिट.”

मी उतरलो, पुढून फिरून तिचं दार उघडलं आणि गुडघ्यावर बसून आत वाकलो. मोबाइलची बत्ती लावली. ब्रेकच्या पेडलमागे, पेडल आणि गाडीची भिंत यांच्या सांध्यात, ते लिंबू बसलं होतं. वाळून सुपारीसारखं टणक झालेलं, घट्ट पाचरीसारखं. वर दाब, खाली लिंबू, पेडल जाणार कुठे?

“आता सोडा पाय.”

तिने पाय सोडला. लिंबू टपकन सुटलं आणि निवांतपणे सीटखाली घरंगळत गेलं. दर वेळी हेच होत असणार. पाय उचलायचा, ते निसटायचं, दुसऱ्यांदा ब्रेक लागायचा. आणि मग चाकं काढा की कॉम्प्युटर लावा, सापडणार काय?

मी तिला दाखवलं. तिने पाहिलं, पण तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेना. बांधावर पिंपळाचा पार होता, खाली नागाचे दगड मांडलेले. तिथे आम्ही बसलो. म्हातारा म्हशी सोडून परत आला, काही न विचारता जवळ उभा राहिला आणि तिला म्हणाला, “नीर कुडी, अम्मा.” पाणी पी. त्याच्याकडे पाणी नव्हतं, पण त्याने सांगितलं. तिने पर्समधली बाटली काढली आणि ती प्यायली.

मग ती बोलली. बाइकवाला आडवा आला तेव्हा तिला खरंच फार भीती बसली होती. शेजारच्या रत्नम्मा अक्का तिला मुनेश्वराच्या देवळात घेऊन गेल्या. या भागात गाडीची राखण तोच देव करतो. पुजाऱ्याने लिंबू दिलं. समोर ठेव, बांधू नको, टोचू नको. अक्कांनी वरून सांगितलं, पडलं तर समज संकट आलं, आणि पडलेलं आपल्या हाताने उचलू नको.

“मी इंजिनिअर आहे, काका. कुणाला सांगणार? अभय हसला असता. आणि मग खरंच तसं व्हायला लागलं. ज्या दिवशी लिंबू पडायचं त्याच दिवशी ब्रेक लागायचा नाही. इतर दिवशी कधीच नाही. मी पाहत होते ना.”

तिने अगदी बरोबर पाहिलं होतं. मंजुनाथच्या कॉम्प्युटरला जे दिसलं नाही ते तिला दिसलं होतं. तिला ते इशाऱ्यासारखं वाटत होतं, एवढंच.

“पण मग वर कोण ठेवायचं?” मी विचारलं. “तुम्ही तर उचलत नव्हता.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. “तेच तर. मी उचलत नव्हते. अभयही नाही, त्याला मी तिरकस विचारून पाहिलं. ते सीटखाली पडलेलं असायचं. गाडी तुमच्याकडे येऊन गेली की पुन्हा वर. आपोआप. तीनदा झालं. मला वाटायचं, ते मला सोडत नाहीये.”

आपोआप काही होत नव्हतं. पितळी ताटली माझ्या डोळ्यांपुढे आली.

निघताना प्रश्न पडला, लिंबाचं काय करायचं. तिचा हात पुढे होईना. खरं सांगतो, माझाही होईना. एवढं सगळं कळल्यावरही होईना. शेवटी मी रुमालात धरून ते काढलं आणि पारावर, नागाच्या दगडांपुढे ठेवलं. दोघांनी हात जोडले. परत येताना गाडी मी चालवली आणि आरशात दोनदा मागे पाहिलं.

बसण्णाला मी टाकीपाशी गाठलं. त्या गाडीतलं लिंबू कुठे सापडायचं, असं विचारलं. तो सहज म्हणाला, “सीटखाली, अण्णा. देवरदु, कालकेळगे बरबारदु.” देवाचं आहे, पायाखाली येता कामा नये. म्हणून तो हात धुऊन ते वर, त्याच्या जागी ठेवायचा. जागेवर असलेल्या वस्तूची कोण चौकशी करतो? मी त्याला सगळं सांगितलं. तो खाली बसला आणि आपल्या ओल्या हातांकडे बघू लागला. इतक्या भक्तीने केलेल्या कामाला चूक तरी कशी म्हणायची? त्या तीन वेळांपैकी प्रत्येक वेळी ती गाडी आमच्या फाटकातून साफ धुतलेली, चकचकीत होऊन गेली होती आणि मागे सशाची उशी होती. त्याचा विचार आजही आला की मी उठून पाणी पितो.

दुपारी अभय आला. केतकी बाकावर बसली होती, पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत. तो माझ्याकडेच आला. “काय काका, पटलं का तिला?”

मी म्हटलं, “गाडीचा ब्रेक लागत नव्हता. मी शेजारी बसलो होतो. ताई बरोबर सांगत होत्या, पहिल्या दिवसापासून.”

त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे काय होतं?”

“पेडलमागे वस्तू अडकत होती. दर वेळी आमच्याच माणसांच्या हातून ती परत गाडीत जात होती. चूक वर्कशॉपची.”

मी तेवढ्यावर थांबणार होतो. तिची झाकली मूठ तशीच राहू द्यावी असं मला वाटलं. पण केतकी उठून आली. “लिंबू होतं, अभय. मुनेश्वराचं. मी ठेवलं होतं.”

तो हसला नाही. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग मागच्या सीटवरच्या छोट्या खुर्चीकडे, आणि खाली बसून ब्रेकच्या पेडलमागे स्वतःचा हात घालून पाहिला. उठला तेव्हा डोळे भरलेले होते. “मला का नाही सांगितलंस?”

“ब्रेक लागत नाही, हे सांगत होते ना,” ती म्हणाली. “तेवढं पुरायला हवं होतं.”

पुढची चूक आमची व्हायला नको म्हणून मी एवढंच केलं. आमच्याकडे फोन करणारी शोभा होती, तिला सांगितलं की या गाडीचा फोन केतकीला कर. आणि गाडी देताना नेहमीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं. दहा द्या म्हणालो नाही.

दोन दिवसांनी मॅनेजर तरातरा माझ्याकडे आला. “अण्णा, कोण ही बाई? तुम्ही स्वतः बसलात, दोष काढलात, आणि हिने सात दिलेत. सात. मी वर काय सांगू?”

मी शोभाकडे गेलो. तिने फोनचं रेकॉर्डिंग लावलं. केतकीचा आवाज शांत होता, मागे सईचं गाणं ऐकू येत होतं आणि गाडी कडेला उभी करून लावलेल्या इंडिकेटरची टिकटिकही. शोभाने शिकवल्याप्रमाणे विचारलं, तीन कमी कशासाठी मॅडम, आमच्या कामात काही राहिलं का?

“नाही, तुमचं काम झालंय,” केतकी म्हणाली. “ते तीन माझे आहेत. मला अजून भीती वाटते. रोज निघण्याआधी पेडलमागे हात घालून बघते, आणि मग चालवते.”

“गाडी तुम्हीच चालवता ना, मॅडम?” शोभाने विचारलं. हा प्रश्न तिला कुणी शिकवलेला नव्हता.

“हो,” ती म्हणाली. “मीच.”

मॅनेजर म्हणाला, मी बोलतो तिच्याशी, दहा करून घेऊ. मी म्हटलं, राहू दे. इतक्या वर्षांत आपल्याला खरा आकडा एवढाच मिळालाय.